पुस्तक कसं वाटलं हे "छान होतं" न म्हणता कसं सांगायचं

पुण्यात मत नसलेला माणूस शोधून दाखवा. मिसळ कुठली खावी, मेट्रो कुठून न्यायला हवी होती, गणपतीत लक्ष्मी रोडवर किती वाजता जावं, सगळ्यावर प्रत्येकाचं ठाम काहीतरी असतंच, पण पुस्तक कसं होतं विचारलं की तोच माणूस "छान आहे, वाच" म्हणून मोकळा. मीपण बरीच वर्षं हेच करत होते. मग आमच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जणी आणि दोन काका (ते पोह्यांसाठी येतात असा माझा संशय आहे) पुस्तकांवर बोलायला जमायला लागलो आणि पहिल्याच वेळेला माझी पाळी आल्यावर मी "छान होतं, म्हणजे, भाषा वगैरे छान होती" इतकं बोलून गप्प बसले. कादंबरी चारशे पानांची होती हो, आणि मी बोलले एक ओळ.

त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती इथे लिहितेय. मी काही समीक्षक नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते आणि वनाझहून रामवाडीच्या बाजूला रोज मेट्रोने जाते, तेवढ्या वेळात वाचते. त्यामुळे हे सगळं साध्या वाचकाचं आहे, पटेल ते घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे वही करा. मोबाईलमध्ये नको, मी करून बघितलंय, तिथे नोट्स किराणाच्या यादीखाली गाडल्या जातात. साधी दोनशे पानी वही घ्या. एका पुस्तकाला एक पान, जास्त नाही. वर नाव, तारीख, आणि हे पुस्तक वाच असं कोणी सांगितलं त्याचं नाव, हे नाव फार महत्त्वाचं आहे कारण वर्षभराने कळतं की कोणाची शिफारस आपल्याला लागू पडते आणि कोणाची बिलकुल नाही. माझ्या जाऊबाईंनी सांगितलेली सहाच्या सहा पुस्तकं मला आवडली नाहीत, आता त्यांनी एखाद्या पुस्तकाला नावं ठेवली की मी ते लगेच आणते.

आणि पुस्तक मिटलं की लगेच लिहायला बसायचं नाही. दोन दिवस जाऊ द्यायचे. शेवट वाचून डोळ्यात पाणी आलेलं असतं तेव्हा सगळंच थोर वाटतं. दोन दिवसांनी पुस्तक न उघडता आठवेल तो एक प्रसंग लिहायचा, जसा आठवेल तसा. काहीच आठवत नसेल तर "काही आठवत नाही" असं लिहा, तेही मतच आहे की. माझ्या वहीत एका सातशे पानी कादंबरीच्या नावाखाली फक्त "नायिका सारखी खिडकीत उभी राहते" एवढंच आहे आणि अजूनही मला त्यात भर घालावीशी वाटलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाला वेगळा प्रश्न विचारायचा असतो. आपण काय करतो, एकच काटा घेतो आणि त्यावर बटाटे पण तोलतो आणि केशर पण. "कथा पुढे सरकत नाही" अशी तक्रार कवितासंग्रहाबद्दल ऐकलीये मी, खरंच, त्या दोन काकांपैकी एकांकडून.

ऐतिहासिक कादंबरीपासून सुरुवात करते कारण इथे मी चांगलीच तोंडावर आपटलेय. घरातल्या एका डोहाळजेवणाला गप्पा पेशव्यांवर आल्या आणि मी अगदी रंगात येऊन माधवराव आणि राघोबादादांमधलं एक बोलणं सांगितलं, कोण काय म्हणालं, कोणाचा आवाज चढला, सगळं. नवऱ्याचे मामा शांतपणे वरण-भात कालवत होते, म्हणाले, "अगं, हे कुठल्या पत्रात आहे?" आता मी काय सांगणार, कादंबरीत आहे. रणजित देसाईंच्या 'स्वामी'मध्ये. मामा म्हणाले, "मग असं म्हण ना की देसाईंचा माधवराव असं म्हणाला." पंगतीत सगळे हसले, मीपण हसले, पण घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी तेच डोक्यात घोळवत होते.

तर तेव्हापासून माझी ऐतिहासिक कादंबरीची पद्धत अशी आहे. कादंबरी कादंबरी म्हणूनच वाचायची, मनसोक्त रडायचं. 'स्वामी' १९६२ साली आली आणि अजूनही लोक ती वाचून थेऊरला जातात, मीपण गेलेय, तिथल्या चिंतामणीच्या देवळात माधवराव १७७२ साली वारले आणि त्यांची बायको रमाबाई सती गेल्या हा इतिहास आहे, पण त्या रात्री ते दोघं एकमेकांशी काय बोलले हे लेखकाचं. या दोन गोष्टी वहीत वेगळ्या लिहायच्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे जे घडलं म्हणून तपासता येतं ते, उजवीकडे जे लेखकाने दिलं ते. तपासायला सरदेसाईंची 'मराठी रियासत' ग्रंथालयात मिळते, सगळी वाचायची गरज नाही, तेवढं प्रकरण काढायचं. आणि यात गंमत अशी की उजवी बाजू भरली की कादंबरीबद्दलचा आदर उलट वाढतो, कारण तेव्हा कळतं की बाईने किंवा बुवाने किती गोष्टी पदरच्या घातल्यात आणि तरी त्या खऱ्या वाटल्या.

पौराणिकचं याहून भारी. इथे एक प्रयोग सांगते, जरूर करा. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त', दोन्ही १९६७ चीच पुस्तकं, दोन्हीत कर्ण आहे. सावंतांच्या कादंबरीत कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, एकेकाच्या तोंडून गोष्ट येते आणि आपण कर्णाच्या इतके बाजूने होतो की अर्जुनाचा राग यायला लागतो. नववीत मी वाचली तेव्हा तर आठवडाभर कोणाशी नीट बोलले नव्हते. आणि मग इरावतीबाई. त्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायच्या, त्यांना पाझर वगैरे पटकन फुटत नाही. त्या कर्णाला सरळ उलटतपासणीला उभं करतात, हा काय म्हणाला, हा प्रत्यक्षात काय वागला, द्रौपदीला भर सभेत काय बोलला. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा आणि मग कर्णाबद्दल चार ओळी लिहून बघा. मला पहिल्यांदा जमल्या नाहीत. मी लिहायला बसले आणि अर्ध्या वाक्यात माझं मत बदललं, परत खोडलं, परत लिहिलं. शेवटी जे लिहिलं ते मात्र माझं होतं, सावंतांचं नाही आणि कर्व्यांचंही नाही. मला तरी वाटतं मत बनवायचं शिकायला एकाच माणसावरची दोन भांडणारी पुस्तकं वाचण्याइतका सोपा क्लास नाही, फीपण नाही.

सामाजिक कादंबरीला मी विचारते की यातल्या माणसांना पैसे कुठून येतात. हसू नका. अकाउंट्सची सवय म्हणा, पण ज्या कादंबरीत कोणीच भाडं भरत नाही, मेसचं बिल देत नाही, पगाराची वाट बघत नाही, ती मला फार लवकर खोटी वाटायला लागते. नेमाड्यांची 'कोसला' मला कॉलेजात असताना अजिबात आवडली नव्हती, पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यात शिकायला येतो आणि सारखं उदाहरणार्थ, वगैरे, उदाहरणार्थ, वगैरे, मला वाटायचं हा माणूस काय बोलतोय. त्याबद्दल शेवटी सांगते, कारण वहीतलं ते पान वेगळंच झालंय.

कथासंग्रहाची एक चूक सगळे करतात, सलग वाचतात. वडापाव सलग बारा खाल का? एका बैठकीत एकच कथा. माझं वनाझ ते रामवाडी एका कथेत बसतं आणि उतरून ऑफिसपर्यंत चालताना ती डोक्यात मुरते. परतीच्या प्रवासात दुसरी वाचायचा मोह होतो पण मी तेव्हा मोबाईल बघते, हेही खरं सांगून टाकते. संग्रहाबद्दल मत देताना "संग्रह बरा आहे" असं म्हणू नका, बारा कथा असतील तर कुठल्या तीन परत वाचाल ते सांगा. तीन निघाल्या तर पैसे वसूल.

आत्मचरित्राला प्रश्न एकच, स्वतःला कितपत सोडलंय. सगळे वाईट वागले आणि मी मात्र सहन केलं अशा सुरात चारशे पानं गेली की मी समोरच्याची बाजू मनात लिहायला लागते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी दर तीन-चार वर्षांनी काढते ते यासाठीच. नवरा न सांगता निघून जातो, पुढे धर्म बदलतो, घर तुटतं, केवढं मोठं दुःख आहे, आणि बाई ते सांगता सांगता स्वतःचीच फजिती अशी सांगतात की आपण हसतो आणि हसल्याबद्दल आपल्यालाच कसंतरी होतं. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) वाचताना मात्र हा प्रश्न मला बदलावा लागला. तिथे विचारायचं असतं की हे सगळं माझ्या आजूबाजूलाच होतं तर मला आजवर कोणी सांगितलं का नाही. त्या पुस्तकावर आमच्या ग्रुपमध्ये बोलताना एक बाई म्हणाल्या "फार निगेटिव्ह आहे", आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, पोहे गार झाले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर वहीत लिहिलं की निगेटिव्ह हा शब्द पुस्तकाबद्दल नव्हता, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल होता. तुम्हीही "जड आहे", "निगेटिव्ह आहे", "फारच आहे बाई" असलं काही लिहिलंत तर एकदा थांबून बघा, तो शब्द पुस्तकाला लागतोय की तुम्हाला.

कविता मोठ्याने वाचा. संपलं. म्हणजे खरंच याहून जास्त काही नाही माझ्याकडे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, घरोट म्हणजे जातं ओढताना, शेतात काम करताना त्या गाणी रचायच्या, ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून ठेवली म्हणून राहिली, आणि पुस्तक आलं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तोंडात जन्मलेली गोष्ट डोळ्यांनी गुपचूप वाचून कशी कळणार. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वाचली तरी चालेल. नाही कळली तर "नाही कळली" लिहा आणि पुढच्या पावसाळ्यात परत बघा.

नाटकाचं पुस्तक वाचताना कंसातल्या सूचना सोडू नका, लोक नेमक्या त्याच गाळतात. 'घाशीराम कोतवाल' मी आधी वाचलं आणि मला ते अर्धवट वाटलं, नंतर रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा ती ओळीने उभ्या माणसांची भिंत हलताना दिसली आणि कळलं की अर्धं नाटक तिथे होतं.

प्रवासवर्णन म्हणाल तर मला फोटो-फोटो प्रवास वाचवत नाही, सकाळी उठलो, नाश्ता उत्तम होता, बर्फ बघितला. प्रवासात काहीतरी बिघडलं पाहिजे. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला निघाले आणि सापडले थेट १८५७ च्या बंडात, झाशीत, असलं बिघडलं तर वाचायला मजा (त्यांना नसेल आली). त्यांचं 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ ला. ते वाचताना बघा, या माणसाला दारात तोफा धडधडत असतानाही जेवणाचं, सोवळ्याचं, पैशाचं भान आहे. म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

रहस्यकथा, भयकथा आवडतात म्हणायला लोक का लाजतात मला माहीत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक, माझ्या वडिलांची पिढी त्या अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची आणि आता तीच माणसं "आम्ही फक्त गंभीर साहित्य वाचतो" म्हणतात. रहस्यकथेला बघायचं ते हे की शेवट कळल्यावर मागे जाऊन धागा सापडतो का. सापडला तर लेखक प्रामाणिक. शेवटच्या चार पानांत अचानक जुळा भाऊ उपटला तर वहीत लाल पेनाने लिहा.

विज्ञानकथेवर बोलताना मी नेहमी नारळीकरांचा किस्सा सांगते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःच्या आद्याक्षरांचा उलटा क्रम लावून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून मार्क द्यायला नकोत. 'कृष्णविवर' नावाची ती कथा पहिली आली. तर वाचकानेही हे करून बघावं, पुस्तकाला ब्राऊनपेपरचं कव्हर घालायचं, शाळेसारखं. मुखपृष्ठ नाही, पुरस्कार मिळाल्याचं सोनेरी गोल लेबल नाही, मागच्या बाजूला दिग्गजांनी केलेलं कौतुक नाही. मोठ्या नावाची दोन पुस्तकं माझ्या हातून अशी पन्नासाव्या पानावर गळली आणि एका अजिबात न ऐकलेल्या लेखिकेची कादंबरी मी रात्री दोनपर्यंत वाचली.

यशस्वी कसे व्हावे टाइप पुस्तकांचं फार लिहीत नाही. पहिली साठ पानं वाचा, पुढे बहुतेक तेच असतं, उदाहरणं बदलतात. ही बरीचशी अनुवादित असतात आणि अनुवाद तपासायची युक्ती मात्र सगळीकडे कामाला येते, एक परिच्छेद मोठ्याने वाचा, आपल्या आईला असं कोणी बोललं तर कळेल का? जीभ अडखळली की ठेवून द्या. आणि अनुवादकाचं नाव आत कुठे आहे ते बघा, चांगला अनुवादक सापडला की मी लेखक न बघता त्याचं पुस्तक उचलते.

हो, पाककृतींच्या पुस्तकावरही मत लिहायचं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं, माप वाटी-चमच्याचं, माझ्या आईच्या प्रतीत पुरणपोळीचं पान हळदीने इतकं पिवळं झालंय की ओळी अंदाजाने वाचायच्या. ते पान बघितलं की कोणाला वेगळं मत विचारायला नको. घरातल्या चकचकीत फोटोवाल्या तीन पुस्तकांवर एकही डाग नाही.

पुस्तकं मिळवायची कशी ते पटकन. आपल्याला कुठला प्रकार आवडतो हेच माहीत नसेल तर एक दिवाळी अंक घ्या, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून ही सोय मराठीत आहे, एकाच अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं, आणि महिनाभराने आपण नक्की कुठली पानं वाचली ते प्रामाणिकपणे बघा. ग्रंथालयाचे सभासद व्हा, नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, विकत घेण्याच्या मानाने फारच स्वस्त. अप्पा बळवंत चौकात घ्यायला गेलात तर पहिलं पान वाचून घेऊ नका, पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात, मधलं कुठलंतरी पान उघडा, शंभराच्या आसपासचं. तिथे लेखक दमलेला सापडतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलनेही काही लिहायचं नाही हा नियम मलाही मान्य आहे, पण एकदा आणलेल्या एका कादंबरीत, नायक आईचं पत्र फाडतो तिथे, समासात कोणीतरी बारीक अक्षरात "असं कोणी करत नाही" लिहिलं होतं, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात "करतात". मी ते पान बराच वेळ बघत बसले. कादंबरीचं नाव वहीत बघावं लागेल, ही दोन वाक्यं पाठ आहेत.

न आवडलेलं पुस्तक सोडून द्यायला शिका. माझा नियम पन्नास पानांचा, कवितेला दहा, आत्मचरित्राला मी शंभर देते कारण बालपण सगळ्यांचंच लांबतं. सोडलं तरी वहीत नोंद करायची, कुठल्या पानावर आणि का. "कंटाळा" असं नुसतं लिहू नका, त्या आठवड्यात ऑफिसचं ऑडिट होतं का तेही लिहा, माझी तीन पुस्तकं मार्चमध्ये विनाकारण बदनाम झालीयेत.

दुसऱ्याला सांगताना आधी तो माणूस बघा. मैत्रिणीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी माझं अत्यंत आवडतं पुस्तक नेऊन दिलं, ज्यात निम्मी पात्रं मरतात. काकू आठ दिवसांनी म्हणाल्या, "पुस्तक छान होतं हो, पण मला जरा झोप लागेना." विनोदी काहीतरी न्यायला हवं होतं ना. म्हणून आता मी "वाचच" म्हणत नाही, आधी विचारते की सध्या झोप कशी आहे, वेळ किती आहे, शेवटचं काय आवडलं होतं. आणि ग्रुपमध्ये बोलायचं असेल तर गोष्ट सांगू नका, एक प्रसंग सांगा, तुम्हाला तिथे काय झालं ते सांगा आणि थांबा. पाच मिनिटं खूप होतात. दुसरा म्हणाला मला नाही आवडलं, तर त्याला लगेच पटवायला जायचं नाही, कुठल्या पानावर नाही आवडलं ते विचारायचं, मग खरी मजा येते.

शेवटचं काम म्हणजे प्रत्येक पानाखाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडायच्या. परत वाचलंत की जुनं मत खोडायचं नाही, खाली नवी तारीख टाकून लिहायचं. माझं 'कोसला'चं पान असं आहे. पहिली नोंद कॉलेजातली, जुन्या डायरीतून उतरवून घेतलेली: "बोअर. हा सारखा उदाहरणार्थ काय म्हणतो." दुसरी नोंद चौतिसाव्या वर्षीची, धाकट्या बहिणीला घेऊन हॉस्पिटलात चार रात्री काढल्या त्यानंतरची: "मनी, पांडुरंगची धाकटी बहीण, जाते तिथपर्यंत आले. आता कळलं तो असं का बोलतो. पुढे नंतर वाचेन." त्याखाली तीन ओळी अजून कोऱ्या आहेत, बहीण आता ठणठणीत आहे आणि पुस्तक तिनेच वाचायला नेलंय, मार्चपासून परत दिलेलं नाही.